मिसेस केसलर यांनी दिलेले तीन दिवस

आमच्या मिलर्स फोर्डमध्ये पोलिसांचं वायरलेस ऐकायचं यंत्र घरोघरी स्वयंपाकघरात असतं. बटाटे सोलता सोलता लोक आम्हा पोलिसांचं बोलणं ऐकतात. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही भोपळ्याच्या जत्रेच्या मिरवणुकीत महापौर गॉर्डन प्रुइट यांची उघडी मोटार रुग्णवाहिकेच्या वाटेत उभी बघून माझं डोकं फिरलं. मी ती ओढून न्यायला लावली आणि वायरलेसवरच त्यांना एक सणसणीत शिवी हासडली. अर्ध्या गावाने ती ऐकली.

त्या संध्याकाळी अग्निशमन केंद्रात भाजलेल्या कोंबडीचं गावजेवण होतं. महापौर तरातरा माझ्यासमोर आले.

"लाईल, बिल्ला काढ. आजपासून घरी बस."

मी काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. गावात कुणीही हेच केलं असतं; महापौर म्हणजे मालक, असंच आम्ही धरून चालतो. माझ्या बायकोच्या डायलिसिसचा विमा याच नोकरीतून होता.

शेजारच्या टेबलावर मिसेस वर्ना केसलर जेवत होत्या. शाळेत तीस वर्षं आम्हाला जेवण वाढलेल्या बाई. गॉर्डनच्या निवडणुकीत दारोदार फिरलेल्या. शिवाय गावाच्या नागरी सेवा मंडळातल्या तिघांपैकी एक. पोलिसाला कामावर घ्यायचं की काढायचं हे ते मंडळ ठरवतं, पण बिनपगारी मंडळाची आठवण कोण ठेवतो?

"गॉर्डन, बिल्ला दे त्याचा त्याला," हात पुसत त्या म्हणाल्या.

"वर्ना, तू माझ्या बाजूची ना?"

"मत तुलाच दिलंय, पुढंही देईन. पण हे तुझ्या हातात नाही. तक्रार लिहून दे, आम्ही दोघांचं ऐकू."

"मग मी महापौर झालो कशाला?"

"मिरवणुकीत पुढं बसायला. तेवढंही धड जमलं नाही तुला."

हशा पिकला. महापौरांनी बिल्ला टेबलावर आपटला आणि निघून गेले.

महापौरांनी तक्रार लिहून दिली आणि तीन आठवड्यांनी मंडळापुढे सुनावणी झाली. तोवर त्यांचा राग निवळला होता, माझ्या घरची अडचणही कानावर गेली होती. मुळात माणूस वाईट नव्हता.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "मी माफ केलंय लाईलला."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"काढणं तुझ्याकडे नव्हतं, तसं माफ करणंही नाही, गॉर्डन. तक्रार आता मंडळाकडे आहे. लाईल, गाडी हलवलीस ते बरोबर. वर्दीत शिवी दिलीस ते चूक. तीन दिवस बिनपगारी घरी."

बाकीच्या दोघांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मी बाईंना गाठलं.

"मिसेस केसलर, त्यांच्या माफीवर सुटलो असतो की मी."

"सुटला असतास. आणि मग जन्मभर गॉर्डनची गाडी दिसली की हात आखडला असता तुझा."

तेव्हा मला त्यांचा रागच आला. फणफणत तीन दिवस घरी काढले.

याला आता बावीस वर्षं झाली. त्याच विम्यावर बायकोला मूत्रपिंड मिळालं, ती ठणठणीत आहे. मी चार महापौरांच्या हाताखाली नोकरी केली आणि एकाच्याही उपकाराखाली नाही. उपकार आहेत ते या बाईंचे, आणि ते त्यांनी मला कधी जाणवूही दिले नाहीत.