वड्याचं तेल मॅडमवर

दिल्लीतल्या द्वारकेत माझं काउन्सेलिंगचं क्लिनिक आहे. मराठी पेशंट पार फरीदाबादहून मेट्रो बदलत येतात. भांडण हिंदीत जमतं हो, रडायला मात्र मराठीच लागते! आणि घरी ज्याच्याशी बिनसलंय, त्याच्या जागी हळूहळू मलाच बसवतात. त्यामुळे किस्से काय, ढीगभर. नावं बदलून सांगते.

*

एका बाईंचा नवरा सतत थापा मारायचा. एकदा माझी दाढ दुखत होती म्हणून मी त्यांची अपॉइंटमेंट कॅन्सल केली. पुढच्या वेळी त्या आल्या, पण खुर्चीत बसल्याच नाहीत.

"कुठली दाढ? दाखवा."

काय करणार? आ केला!

*

एका साहेबांची बायको रागावली की आठवडाभर बोलत नसे. एकदा त्यांचं ऐकून मी विचार करत जरा गप्प बसले, तर बिचारे घाबरलेच.

"अच्छा, म्हणजे आता तुम्हीपण अबोला धरणार?"

*

वंदनाताईंच्या सासूबाई प्रत्येक भाजीला नावं ठेवायच्या. ताई माझ्यासाठी डबा आणायच्या आणि मी खाताना माझं तोंड निरखत बसायच्या. एकदा मी सरळ सांगितलं, "मीठ कमी आहे." चेहरा असा उतरला! मला वाटलं, आता काही या परत येत नाहीत.

पण पुढच्या वेळी आल्या त्या कंबर कसूनच. "मॅडम, आमच्याकडे मीठ एवढंच खातात!"

मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. म्हटलं, "बिल्कुल! आता हेच सासूबाईंना सांगा."

"थांबा हो, आधी तुमच्यावर प्रॅक्टिस होऊ द्या!"

*

आणि हा संदेश. लहान असताना याचे वडील न सांगता घर सोडून गेले. तेव्हापासून कुणी आपल्याला सोडायच्या आत हाच निघून जायचा. दोन ठरलेली लग्नं मोडून बसला होता. आता पल्लवीशी ठरलं होतं, आणि ही मुलगी त्याला मनापासून आवडली होती.

"ताई, या वेळी मला पळायचं नाहीये," म्हणायचा. आणि आमची वेळ संपत आली की घड्याळ बघून हाच आधी उठायचा! "चलो ताई, निघतो." मला एकदाही "वेळ झाली" म्हणू दिलं नाही. फार काळजी वाटायची मला त्याची.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात आला. बोलला. वेळ संपत आली तसं त्याने घड्याळाकडे पाहिलं, बॅग उचलली आणि परत खाली ठेवली. वेळ संपूनही गेली. मी वाट बघतेय, हा हलेना. बाहेर पुढचे पेशंट मुद्दाम खोकतायत!

शेवटी म्हटलं, "संदेश, वेळ झाली रे."

त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"हो ताई. आज तुम्ही आधी उठा."