धवलारिणीच्या छातीची पट्टी

मुर्धे गावात लग्न ठरलं की पहिलं सांगणं द्वारकाबाईला जायचं, भटजीला मागून. ती धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, तिला तोंडपाठ, आणि आवाज असा की मिठागरातली माणसं हातातलं काम थांबवून विचारायची, "आज कोनाची हलद हाय रं?" तिची ओळ झाली की मागची ओळ शेजारच्या सरूबाईची. वर्षभर विहिरीवर भांडायच्या, मांडवात मात्र एका सुरात.

त्र्याहत्तर साली एका हळदीत, दिवसभर उपाशी गाऊन गाऊन, द्वारकाबाईला भोवळ आली. मुलगा धर्मा मुंबईला कंपनीत होता. त्याने तिला तिथल्या मोठ्या इस्पितळात नेलं. निजवून हृदयाची पट्टी, म्हणजे कार्डिओग्राम, काढली, ती चांगली आली. मग तरुण डॉक्टरांनी तिला लाकडाच्या दोन पायऱ्यांवरून चढ-उतर करायला लावलं आणि परत पट्टी काढली. या खेपेला पट्टीवरची रेघ खाली बसली.

"हृदयाला रक्त कमी पडतंय. ओरडायचं नाही, गायचं नाही. जपा."

धर्माने हे गावी येऊन गल्लीत ज्याला त्याला सांगितलं, तेही डॉक्टरांसारखं भुवया चढवून. त्या दिवसापासून अख्ख्या गल्लीचा आवाज बसला. म्हावरं विकणारी "घे गो म्हावरं" अशी बोंब ठोकत यायची, ती द्वारकाबाईच्या दाराशी आली की कानात सांगितल्यासारखं म्हणायची, "आत्ये, बोंबील हायेत. न्हाय घेतलेस तरी चालंल." मयताची बातमी तिच्या घराला वळसा घालून पुढे जायची.

सगळ्यात वाईट सरूबाईचं झालं. जी "मेल्ये, माझा पोहरा खं लपवलास" म्हणून सकाळ सुरू करायची, ती आता "राहू दे गो बय, मी भरते तुझी कळशी" म्हणू लागली. एकदा द्वारकाबाईने मुद्दाम तिचा पोहरा दोरासकट विहिरीत सोडला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पडला असंल," सरूबाई म्हणाली. "पडूं दे."

धवले गल्लीतल्याच दुर्गाकडे गेले. दुर्गा निम्मे शब्द गिळायची. द्वारकाबाई ओट्यावर बसून ते गिळलेले शब्द ऐकायची.

दोन वर्षांनी सरूबाईच्या नातीचं लग्न ठरलं. हे लग्न तरी आपण गायचं, असं द्वारकाबाईने मनाशी घेतलं आणि धर्माला दुसऱ्या डॉक्टरांकडे न्यायला लावलं. हे म्हातारे. त्यांनी पट्टी बाजूला ठेवून आधी तिलाच विचारलं.

"चढताना छातीत दुखतं?"

"न्हाय."

"चालताना? गाताना?"

"गाताना भूक लागते."

ते हसले. मग म्हणाले, "आई, पायऱ्यांची ही तपासणी बायकांत पुष्कळदा फसते. नसलेला आजार दाखवते. कधी असलेलाही दाखवत नाही. तुम्हाला काही असेल असं मला वाटत नाही. गा खुशाल."

"शंभर टक्के ना, डॉक्टर?" धर्माने विचारलं.

"शंभर टक्के मी कुणालाच सांगत नाही. त्यासाठी रक्तवाहिनीत नळी घालून फोटो काढावे लागतात. ती जोखीम यांच्यासाठी नको."

द्वारकाबाई घरी न जाता तडक सरूबाईच्या दारात गेली. "गा म्हनाला."

सरूबाईने धर्माकडे पाहिलं. "नक्की म्हनाला काय रं?"

"शंभर टक्के नाही म्हणाला," धर्मा म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमत नसे.

"मग नको गो बय. पोरीच्या मांडवात काय झालं म्हंजे?"

"आनि तुझी पट्टी खं हाय, सरू? तुला कोनी चढवली पायऱ्यांवर? तू मांडवात मरनार न्हायस हे कोनी लिवून दिलंय?"

सरूबाईचं नाक फुललं. "माझ्या दारात येऊन माझं मरान काढतंस? जिभेला हाड हाय का तुझ्या, मेल्ये, दोन वर्सं मी तुझं पानी..." आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. द्वारकाबाईने पदर खोचला. तिचा चेहरा उजळला होता.

तेवढ्यात सरूबाईला आठवलं. "जाऊ दे गो," ती हळूच म्हणाली. "बस. पानी देऊ?"

हळदीच्या दिवशी द्वारकाबाईला मांडवाच्या कोपऱ्यात घडीची खुर्ची मिळाली, हातात सरबत. दुर्गाने पहिली ओळ उचलली. सरूबाईने मागची दिली. तिसऱ्या ओळीला सगळ्या बायका मिसळल्या, तशी द्वारकाबाईनेही तोंड उघडलं. शेजारी बसलेल्या एका सुनेने लगेच तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आत्ये, तुमी नुसतं ऐका."

हात धवला संपेपर्यंत तिथेच होता.