करपलेलं तांबं

हिंदुराव घुल्यांकडे काम घेऊन येणाऱ्याला आधी नळाशी उभं राहावं लागे. घासून, तेलकटपणा काढून झालेला पत्रा ते धारेखाली धरत. पाणी सगळीकडे सारखं पसरलं तर ठीक. कुठं तुटून त्याचे थेंब झाले, की तिथं अजून बोटाचं तेल आहे असं समजायचं आणि पुन्हा घासायला बसायचं. गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळलं.

मी खडकीत त्यांच्या शेजारीच राहतो, त्यामुळे हे सगळं कुंपणावरून आयतं पाहायला मिळालं. मूळचे ते मांजरी गावचे. भावांनी ऊस सांभाळला आणि हे दारूगोळा कारखान्यात धातूंना मुलामा देण्याच्या खात्यात लागले. निवृत्त झाल्यावर लोक देवदेव करतात किंवा शेजाऱ्यांना सल्ले देतात. यांनी परसात पत्र्याची शेड टाकून मोरचुदाच्या निळ्या पाण्याची टाकी मांडली. पुण्यात जुने व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर जमवणारी एक जमात आहे. ज्या पत्र्याच्या पेटीवर व्हॉल्व्ह बसतात, ती चासी गंजली की ही मंडळी हिंदुरावांकडे येत. ते तिच्यावर आधी निकेलचा पातळ थर देत, मग टाकीत वीज सोडून तांबं चढवत. लोखंडावर मोरचुदातलं तांबं सरळ धरत नाही, आणि धरलंच तर सुटून येतं. ‘वाईट काम माझ्या दारातनं भाईर जात न्हाई,’ असं ते प्रत्येकाला सांगत. सांगण्यात थोडी ऐट असे, पण ती त्यांना शोभायची.

एका वर्षी मात्र त्यांची टाकी बिघडायला लागली. निदान त्यांना तसं दिसू लागलं. पाणी हिरवट झालंय म्हणजे त्यात लोखंड उतरलंय, असं म्हणून त्यांनी चांगलं पाणी बाद केलं आणि नवं केलं. तेही हिरवट. मग रविवार पेठेतल्या मोरचूदवाल्याचा उद्धार झाला. वर चढलेलं तांबंही त्यांना फिकट आणि मळकट वाटे, म्हणून ते विजेचा जोर वाढवत. जोर जास्त झाला की तांबं कडांना काळं आणि खरखरीत होतं. त्याला ते स्वतःच ‘करपलं’ म्हणत. यावेळी करपलेलं त्यांना दिसलं नाही.

खरी गोष्ट कळली ती त्यांच्या पत्नी विजयमालाबाईंच्या लुगड्यामुळे. त्या लग्नाला निघाल्या होत्या. हिंदुरावांनी विचारलं, हे हिरवं कधी घेतलंस? लुगडं चांगलं निळंशार होतं आणि ते त्यांनीच हौसेनं आणलं होतं. बाईंनी वाद घातला नाही. लग्न सोडलं आणि नवऱ्याला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि त्याच्या पिवळट पडद्यातून निळं ते हिरवं दिसत होतं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ते घरी आले आणि चहाही न घेता शेडमध्ये गेले. टाकीसमोर उभे राहून त्यांनी आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. एका डोळ्यानं पाणी हिरवट आणि दुसऱ्यानं स्वच्छ निळं. मी कुंपणापाशीच होतो. मला वाटलं, आता हसतील. पण ते स्टुलावर बसले. म्हणाले, मोरचूदवाला बिचारा निर्दोष होता. आणि मग म्हणाले, देवस्थळ्यांची चासी मी याच डोळ्यांनी केली.

गोपाळकृष्ण देवस्थळी सदाशिव पेठेतले, बँकेतून निवृत्त झालेले. यजमानीणबाईंना चहा पुचाट झालाय असं तोंडावर सांगणारा माणूस. वडिलांचा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी मोठ्या भरवशानं हिंदुरावांच्या हाती दिला होता. हिंदुराव मला बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेले. अ‍ॅम्प्लिफायर बैठकीतच होता, पण त्यावर भरतकामाचा रुमाल घातलेला. हिंदुरावांनी रुमाल उचलला. कडा काळ्या, मधे डाग. बोट फिरवलं तर कानसीवर फिरवल्यासारखं वाटावं.

‘तुम्हाला दिसलं व्हतं?’ त्यांनी विचारलं.

‘पहिल्याच दिवशी,’ देवस्थळी म्हणाले. ‘तुम्ही इतक्या हौसेनं घेऊन आला होतात. म्हटलं, आता वय झालं, राहू दे.’

या माणसानं आयुष्यात एकदाच जीभ आवरली, आणि नेमकी नको तिथं. हिंदुरावांनी रुमालाची नीट घडी घातली.

‘चूक सांगितली असती तर मी पुन्हा करून दिलं असतं,’ ते म्हणाले. ‘तुम्ही कीव केलीत. तिचं काय करू मी?’

 मला दोघांकडेही बघवेना. शेवटी देवस्थळ्यांनी स्वतःच कपाटातून स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि दोघांनी मिळून चासी मोकळी केली.

हिंदुरावांनी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईस्तोवर तिला हात लावला नाही. मग सगळं तांबं उतरवलं, पत्रा घासला, नळाखाली धरला, पुन्हा घासला. चासी घेऊन आम्ही पुन्हा सदाशिव पेठेत गेलो, तेव्हा ती नव्या घागरीसारखी लखलखत होती. देवस्थळ्यांनी ती खिडकीशी नेली, भिंग काढलं आणि चारी बाजूंनी पाहिली. मी मनात म्हटलं, आता तरी बरं बोला.

‘मागच्या कोपऱ्यात, भोकापाशी, थर पातळ आहे,’ देवस्थळी म्हणाले. ‘चालणार नाही.’

हिंदुरावांनी चासी हातात घेतली आणि उजेडात तिरकी धरली. थर खरंच पातळ होता. त्यांचा चेहरा असा खुलला, की कितीतरी महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता.

‘बरोबर हाय,’ ते म्हणाले, आणि चासी पुन्हा फडक्यात गुंडाळायला लागले.