सुस्थितीत परत मिळाले

बंदुकीचा विषय निघाला की लोक मला चकमकींबद्दल विचारतात. माझ्या डोळ्यांपुढे मात्र एक पावती येते. कर्जत तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडून मी सहीनिशी घेतलेली. ते प्रकरण लिहावे की नाही, यावर मी बरेच दिवस घुटमळलो. त्यात कोणाचे नाव घेणार नाही. माझी चूक मात्र गाळणार नाही.

मी तेव्हा कर्जत भागात उपनिरीक्षक होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. त्यामुळे असेल कदाचित, पण लिहिलेल्या कागदावर माझा विश्वास जरा जास्तच होता. रजिस्टर नीट असले की काम नीट झाले, असे मला मनापासून वाटे.

भाताच्या लोंब्या भरल्या होत्या. माथेरानच्या पायथ्याच्या एका गावातून संध्याकाळी सरकारी दवाखान्यात एक मृतदेह आला. वय तिशीतले, उजव्या डोळ्याखाली खोल जखम. सोबत थोरला भाऊ. त्याने सांगितले, "खडकावरून पडला, साहेब." अकस्मात मृत्यूची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी शवविच्छेदनात डॉक्टरांना जखमेत बोटाच्या पेराएवढा पोलादाचा तुकडा सापडला. खडकात पोलाद नसते.

थोरल्याच्या नावावर पीकसंरक्षणाच्या परवान्याची जुनी रायफल होती. मी घरी गेलो तर रायफल जागेवर नव्हती. मृताची बायको ओट्यावर बसली होती. मला पाहताच उठून उभी राहिली.

"मोठ्या भावजींनीच मारलं त्यांना. जमिनीवरनं भांडण चाललं हुतं. फार्महाऊसवाल्याला इकायची का नाय, त्यावरनं. सगळ्या गावानं आयकलंय. बंदूक त्यांचीच हाय ना? मग कुठं हाय ती?"

खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि थोरल्याला अटक झाली.

दोन दिवस चौकशी चालली. माझ्यासोबत एक जुने हवालदार होते, तोंडाने फटकळ, मनाने बरे.

"बंदूक कुठंय रं?"

"नाय म्हाईत."

"नाय म्हाईत? काय पाय फुटले का तिला? का पनवेलला गेली बाजाराला?"

तो पुन्हा तेच सांगे. एकदा मात्र त्याने आपणहून विचारले, "साहेब, शेतावर कोन जातंय का? डुकरं सगळं लोळवतील."

इतक्या वर्षांत मी एक पाहिले आहे. ज्याने जाणूनबुजून जीव घेतलेला असतो, तो बहुधा स्वतःबद्दल विचारतो. जामीन कधी, वकील कोण, साक्षीदार कोण. हा भाताबद्दल विचारत होता. मला ते खटकले, पण खटकणे हा काही पुरावा नव्हे.

तिसऱ्या दिवशी खोपोलीहून आमच्या एका खबऱ्याचा फोन आला. शिळफाट्याला त्याचे टायर पंक्चरचे दुकान होते. "साहेब, तो तुमचा मेलेला माणूस आमच्या इकडच्या लेथवाल्याकडं यायचा. शिमग्याच्या आसपास गोणपाटात गुंडाळून काहीतरी लांब घेऊन आला होता. आणि तो गेल्याचं कळल्यापासून लेथवाल्याचं शटर बंद हाय."

तिथल्या पोलिसांना कळवून आम्ही त्या लेथवाल्याला घरून आणले. पन्नाशीचा माणूस, लेथवर लोखंड कातणारा, बोटांच्या रेषांत काळे तेल मुरलेले. मृत तरुण खोपोलीच्या एका कारखान्यात हेल्पर होता, तिथली ओळख. तेवढे त्याने कबूल केले. बाकी सगळे नाही. "मी गाडीचे शाफ्ट करतो साहेब, बुश करतो. बंदुकीतलं मला काय कळतंय?"

हवालदार म्हणाले, "मग शटर का बंद केलंस? शाफ्टचं सुतक होतं काय?"

तो बाकावर जाऊन बसला. बोलता झाला तो आमच्यामुळे नव्हे. दुपारी मृताची बायको जबाबासाठी आली. त्याच वेळी थोरल्याला कोर्टात न्यायला बाहेर काढले होते. समोरासमोर येताच ती त्याच्या अंगावर धावली. "खुनी! भावाला खाल्लास! तुझ्या हातनं त्येच्या पोरीला रोज जेवाया घालत हुतास ना रं तू? आता घाल!" थोरल्याने बेडी घातलेले हात वर केले नाहीत. तोंड चुकवले नाही. ती मारत राहिली, तो उभा राहिला. महिला शिपायाने तिला बाजूला नेले.

लेथवाला बाकावरून हे बघत होता. तो उठला आणि मला म्हणाला, "साहेब, त्यांनी नाही मारलं. लिहून घ्या."

त्याने सांगितले ते असे. रायफलची गोळी लागूनही डुक्कर पळून जाते, म्हणून धाकट्याने कुठूनतरी जास्त जड गोळ्यांची काडतुसे आणली होती. ती त्या रायफलमध्ये बसेनात. काडतूस बसते त्या जागेला चेंबर म्हणतात. ते त्याने लेथवाल्याकडून आतून कोरून मोठे करून घेतले. थोरल्याला यातले काही माहीत नव्हते. "मी त्याला म्हटलं होतं, भिंत पातळ होतेय, मला भरोसा वाटत नाही. तो म्हणाला, काका, तुमी करा, मी बघतो."

"मग गप्प का बसलास?" मी विचारले.

त्याने माझ्याकडे पाहिले. "मध्ये इलेक्शन आलं ना साहेब. बंदुका तुमच्याकडं जमा झाल्या. मला बरं वाटलं. म्हटलं, आता पोलीस बघतील, पकडतील, मला दोन फटके पडतील, पण बंदूक तरी जाईल. मग पावसाच्या तोंडाला तो हसत आला. म्हणाला, काका, पोलिसांत जाऊन आली, पास झाली, दादाला पत्ताच नाय. मी म्हटलं, त्यांनी बघून दिली म्हणजे ठीकच असेल."

मी पेन खाली ठेवले.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. त्या वेळी जमा करून घेणारा आणि परत देणारा मीच होतो. नंबर परवान्याशी ताडायचा, रिकामी आहे का बघायचे, चिठ्ठी बांधायची, रजिस्टरला घ्यायचे. ती रायफल दोन महिने माझ्या मुद्देमाल खोलीत होती. तिच्या आत मी एकदाही पाहिले नाही. नंबर बरोबर होता.

लेथवाल्याला बाहेर बसवून हवालदारांनी दार लोटले. "साहेब, चेंबरचं घ्या, बाकीचं कशाला? 'पास झाली' हे वाक्य नसलं तरी काही बिघडत नाही."

खरे तर बिघडत होते. ते वाक्य नसते तर थोरल्याला चेंबरची कल्पना होती की नव्हती, हे कोणालाच सांगता आले नसते. बंदूक त्याची, परवाना त्याचा. खुनातून सुटला असता, पण भावाच्या हाती मरण दिल्याचा ठपका त्याच्यावर राहिला असता, कोर्टात आणि त्या ओट्यावरही. भीती वाटली, हे कबूल करतो. मग वाक्य जसेच्या तसे लिहिले.

जबाब ऐकवल्यावर थोरल्याने रायफल दाखवली. ओढ्याच्या डोहात, दगडाखाली. चेंबर फाटले होते आणि ते मागून बंद करणारा बोल्ट जागेवर नव्हता. त्याने सांगितले, बांधाच्या पलीकडून तो डबा बडवत डुकरे हाकत होता, धाकटा राखणीच्या माळ्यावर होता. बार झाला, तो धावत आला. परवाना आपल्या नावावर म्हणजे गुन्हाही आपलाच, असे समजून त्याने बंदूक बुडवली. तज्ज्ञांचा अहवाल त्याच्याशी जुळला; जखमेतला तुकडा त्या बोल्टचाच निघाला. थोरल्यावरचा खुनाचा आरोप गेला. लेथवाल्यावर खटला झाला. माझी खातेनिहाय चौकशी झाली, ताकीद मिळाली. ती योग्यच होती.

सुटकेच्या दिवशी थोरला कागदावर सही करायला आला. धाकट्याची बायको न्यायला आली होती, पण फाटकाबाहेरच उभी होती. सही करून तो थांबला.

"साहेब, जूनमध्ये बंदूक घेताना मी तुमाला इचारलं हुतं. सगळं ठीक हाय ना, म्हनून. तुमी म्हनालात, आमच्याकडं होती, तिला काय होणार? घरी जाऊन मी त्येला तसंच सांगितलं."

मला ते आठवत नव्हते. आजही आठवत नाही. त्या दिवशी मी तीसेक लोकांना बंदुका परत दिल्या, त्यातल्या अनेकांनी विचारले असेल, मीही तेच उत्तर दिले असेल.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत ज्या ठाण्यात मी होतो, तिथे जमा झालेली प्रत्येक बंदूक उघडून आत उजेड पाडून पाहिली. शंका आली तर जिल्ह्याच्या शस्त्रागारातला माणूस बोलावला. सहकारी हसायचे. लोक आपल्यावर किती विश्वास टाकतात, हे आपल्याला ठाऊकच नसते, आणि ते आपल्याला विचारून टाकत नाहीत. मी शिकलो ते एवढेच.

ती पावती चौकशीच्या कागदांत लागली. खाली दोन सह्या होत्या, एक त्याची, एक माझी. वर माझ्याच अक्षरात लिहिले होते : शस्त्र सुस्थितीत परत मिळाले.