बट्टीचा नवस

तुपात तळलेल्या बट्टीचा वास आला की मला आमच्या केळीच्या बागेतली ती पंगत आठवते. त्या वर्षी माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दर रिपोर्टमध्ये कमी यायच्या आणि कारण काही सापडेना, तेव्हा आई शेतातल्या म्हसोबाला नवस बोलली की पेशी वाढल्या तर गावाला वरण-बट्टीचं जेवण घालीन. मग धुळ्याच्या डॉक्टरांनी सीलिॲक आजार शोधून काढला. गहू अंगाला मानवत नाही, पेशीही त्यामुळेच कमी होत असतील, म्हणाले. मी गहू सोडला, हळूहळू पेशी वाढल्या, आणि देवाचं देणं फेडायची वेळ आली. सगळ्यांच्या पानात गव्हाच्या बट्ट्या, वरण, वांग्याची भाजी, आणि माझ्या पानात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. थोरले काका, म्हणजे नाना, हात आखडून म्हणाले, "जेना नवस, तेनीच पहिला घास खावाना." अख्खी पंगत माझ्याकडे बघत थांबली. आईने माझ्या वाटची बट्टी सरळ नानांच्या पानात ठेवली. "देवले मी समदं सांगेल शे, नाना. तुम्हीच खा." नानांनी ती खाल्ली, वर आणखी दोन मागितल्या, आणि म्हसोबाची काही तक्रार आली नाही. हल्ली मात्र आई नवस बोलण्याआधी डॉक्टरांना फोन करून पदार्थ ठरवून घेते.