आत्याचं मनगट

मनगट मोडलं ते न्हाणीघरात घसरून. सतरा वर्षं तलवारी फिरवणारी बाई साबणावरून पडते, याचं तिला स्वतःलाच हसू आलं होतं. पण प्लास्टर निघालं, पाण्याचा तांब्या हातातून सुटला आणि हसू कुठल्या कुठे पळालं.

कारखाना भाच्याचा. नाटकवाल्यांसाठी, हौशी खेळाडूंसाठी जुन्या घडणीच्या नव्या तलवारी तिथे बनत, आणि प्रत्येक पातं आत्याच्या हाताखालून जाई. टोक शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळून पातं वाकवायचं, सोडायचं. ते सुतासारखं सरळ झालं की हवेत वार करून हात मध्येच थांबवायचा. हात थांबेल तिथे पातंही थांबलं पाहिजे. आत्याच्या दणकट हाताखाली सहसा कुठलंच पातं नापास होत नसे.

"आत्या, तू आता पॅकिंग बघ. बसून काम आहे," भाचा म्हणाला. प्रेमानं म्हणाला, म्हणून तर जास्त लागलं.

"आधी या बारा तपासते. मग भर मला खोक्यात."

पहिली उचलली आणि मनगटातून कळ गेली. दुसरी, तिसरीही तशीच. टोक जमिनीकडे ओढ घेत होतं. सहावीपर्यंत तिनं मनातल्या मनात पॅकिंगची खुर्ची पत्करली होती.

सातवी आपणहून उठल्यासारखी वर आली. तिनं वार केला, थांबवला. टोक जिथे नजर होती तिथेच, जरासुद्धा न थरथरता. हलकी असेल म्हणून तिनं ती वजनकाट्यावर ठेवली, तर वजन बाकीच्यांइतकंच भरलं.

तिनं ती ग्राइंडरवर पाती घासणाऱ्या काकांकडे नेली. या मुखदुर्बळ माणसाशी तिचं आजवर 'हं'पलीकडे बोलणं नव्हतं.

"हिला काय केलंत?"

"मुठीपाशी जाड ठेवली. टोकाकडे पातळ करत नेली, म्हणजे भार मुठीकडे राहतो. हातानंच, अंदाजानं." ते ओशाळले. "रोज साधत नाही, ताई."

आत्यानं सातवी पुन्हा हातात तोलून पाहिली. एवढं कसबाचं काम हा माणूस कोपऱ्यात, कानाला फडकं बांधून करत बसला होता. सतरा वर्षांत अशा किती साधल्या असतील, आणि आपल्या बळकट हातानं त्या चांगल्या-वाईट सगळ्या एकाच मापानं 'ठीक' म्हणून पुढे ढकलल्या. तिला शरम वाटली.

परत येऊन तिनं राहिलेल्या पाचही उचलून पाहिल्या. दहावी तेवढी सातवीशेजारी ठेवली. बाकीच्या दहा नापास म्हणून बाजूला काढल्या.

"अगं, या तर तू डोळे झाकून पास केल्या असत्यास," भाचा चक्रावला.

"केल्याच असत्या. तेव्हा हात सगळ्यांच्या चुका पोटात घालायचा. आता त्याला ते झेपत नाही."

ग्राइंडर थांबला. काका फडकं सोडत आले, बाजूला काढलेल्यांतली पहिली उचलून त्यांनी तिच्यासमोर आडवी धरली.

"कुठे चुकलं, दाखवा," ते म्हणाले. "इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही."