काल रात्री काय जेवलात?

"काल रात्री काय जेवलात?" नमस्काराच्या आधी सर हे विचारायचे. शिपायाला, रिक्षावाल्याला, कुणालाही. समोरचा गडबडला की चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचे, "अहो, लाजताय काय? पोटात काय घातलं तेवढंच विचारतोय."

तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा, आपल्या विषयात बुडालेला. आमचे सर जीवरसायनशास्त्राचे. वय वाढतं तसं शरीर खाल्लेल्या अन्नाचं काय करतं, हा त्यांचा अभ्यास. उल्हासनगरच्या कॉलेजात, त्यांच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस. अंबरनाथच्या आमच्या घरातली पहिली पदवीधर. त्याचा तोरा होता, तोंडही फटकळ. सरांना ते चालायचं.

रक्त द्यायला म्हातारी माणसं मिळेनात, तेव्हा खरवईच्या घरून सरांच्या आई शेजारणींना घेऊन स्वतःच आल्या. कोणतं रक्त कुणाचं हे सरांना कळायला नको, म्हणून बाटल्यांवर मी नुसते नंबर घालायची.

एका दुपारी सर मशीनवरून उठले ते जवळजवळ नाचतच. "हे बघ! हे शरीर स्वतःचेच स्नायू जाळतंय. याला म्हणतात म्हातारपण. हेच तर शोधत होतो मी!" मग जरा थांबून, "पण आधी खात्री कर. या बाई पोटभर जेवतात ना, घरी जाऊन विचारून ये."

नंबर कुणाचा ते मला ठाऊक होतं. सरांना नाव न सांगता मी खरवई गाठली.

आई ओट्यावर लसूण सोलत होत्या. "जेवते की गं. सगळ्यांचं उरकलं की बसते."

"काल काय खाल्लंत?"

"भात होता. पाणी घातलं नि खाल्ला."

"आमटी नव्हती?"

"होती ना. पोरं वाढीची, सून दमून येते. नि तुझा साहेब म्हाताऱ्यांचा अभ्यास करून उशिरा येतो, त्याला नको ठेवायला? घरातल्या मोठ्या बाईनं आधी बसायचं असतं होय?"

परत येऊन मी सांगितलं, "सर, त्या आजी सगळ्यांच्या शेवटी जेवतात. उरेल ते. बहुतेक नुसता भात."

सर भडकले. "म्हणजे हे वय नाही, ही उपासमार आहे! मुलगा आहे ना घरात? स्वतःच्या ताटातलं दिसतं, आईच्या ताटातलं नाही दिसत? असल्या माणसाला..."

"सर, त्या तुमच्या आई."

चष्मा कपाळावरच राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत म्हणाले, "तो नंबर काढून टाक."

माझीही मान खालीच होती. दुसऱ्याच्या आईचं ताट बघायला मी रिक्षा करून गेले होते. माझी आई रोज मी जेवून हात धुतल्यावरच बसते.

त्यानंतर सर संध्याकाळी लवकर निघू लागले. एकदा सहीसाठी मी त्यांच्या घरी गेले, तर दोन ताटं समोरासमोर. आई माशाची तुकडी सरांच्या ताटात टाकत होत्या, सर ती परत आईंच्या ताटात ठेवत होते.

"बघ गं," आई हसत म्हणाल्या, "मी घास घेतल्याशिवाय हा जेवत नाही. एवढा शिकला, पण हट्ट लहानपणीचाच."

सर हसले नाहीत. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

निवृत्त होईपर्यंत तो प्रश्न मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. रक्त द्यायला कुणी म्हातारं माणूस आलं, की सर खिडकीकडे वळायचे आणि हळूच म्हणायचे, "तू विचार."